डोक्यावर भार आला की डग्गा का सुटतो : दोन्ही हातांचा मेळ पक्का करण्याचा रियाज

घरी तबल्यावर त्रिताल (सोळा मात्रांचा ताल) स्वच्छ वाजतो. समोर गायक बसला आणि त्याच्या मुखड्याकडे (गाण्याच्या पहिल्या ओळीच्या उचलीकडे) कान लावावा लागला, की दहाव्या मात्रेवर नको असलेला डग्गा (जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा तबला) घुमतो किंवा चौदाव्या मात्रेवर हवा असलेला येतच नाही. उजवा हात मात्र बिनचूक चाललेला असतो. शिकणाऱ्याला वाटतं, डावा कच्चा आहे. मग तो डाव्याचा वेगळा रियाज वाढवतो आणि दुखणं तिथंच राहतं. दोन हात एकमेकांना धरून ठेवायला जे लक्ष लागतं ते गायकाकडे गेलं, म्हणून हे झालं. त्या लक्षाचा हिशेब कसा मांडायचा आणि ते कमीत कमी लागेल अशी तयारी कशी करायची, ते इथे सांगितलं आहे.

उदाहरणं तबल्याची आहेत. ढोलकी, पखवाज, वारकरी मृदंग किंवा एका हाताने पट्ट्या आणि दुसऱ्याने भाता सांभाळायची पेटी, यांनाही हेच लागू पडतं. डावखुऱ्यांनी उजवा-डावा उलटा वाचावा.

सामान थोडंच लागतं: तबला-डग्गा, फोनवर मेट्रोनोम आणि ध्वनिमुद्रण, एक वही, आणि चाचण्यांच्या वेळी शेजारी बसून चुका मोजणारं कोणी तरी. तबला नसेल तर उजव्या हाताखाली उपडी स्टीलची ताटली आणि डाव्याखाली जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. दोन्ही हातांचे आवाज वेगळे यायला हवेत, नाहीतर मुद्रण ऐकताना कोणता हात चुकला ते कळत नाही.

आधी दोन बोटांवर पाहा

तबल्याला हात लावण्याआधी ही चाचणी एकदा करा. दहा मिनिटं लागतात, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

१. दोन्ही कोपर टेबलावर टेकवा. मुठी पालथ्या ठेवा, फक्त तर्जन्या पुढे सरळ.

२. आरशासारखी हालचाल: दोन्ही बोटं एकदम आत, मग एकदम बाहेर. आत-बाहेर मिळून एक फेरी. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक फेरी.

३. समांतर हालचाल: दोन्ही बोटं एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे. ठोका तोच.

४. समांतर हालचाल चालू ठेवून दर १० सेकंदांनी मेट्रोनोम १० ने वाढवा. सोबत्याने बोटांवर नजर ठेवावी. समांतर मोडून बोटं आरशासारखी हलू लागली किंवा अडकली, की तो आकडा वहीत लिहा.

५. एक मिनिट विश्रांती घेऊन हे आणखी दोनदा करा. तीन आकड्यांतला मधला आकडा तुमचा.

पुष्कळांचा समांतर मेळ सेकंदाला दोन फेऱ्यांच्या आसपास मोडतो, काहींचा आधी, काहींचा बराच नंतर. उलटं होताना दिसत नाही, म्हणजे आरशासारख्या हालचालीचा वेग वाढवला म्हणून ती समांतर होत नाही. स्कॉट केल्सो यांनी १९८४ साली हे प्रयोगातून दाखवलं आणि १९८५ मध्ये हर्मान हाकेन व हर्बर्ट बुन्झ यांच्यासोबत त्याची गणिती मांडणी केली. आरशासारख्या हालचालीत दोन्ही हातांचे तेच स्नायू त्याच क्षणी कामाला लागतात, म्हणून तो मेळ भक्कम असतो. समांतर हालचालीत एका हाताचे आत खेचणारे आणि दुसऱ्याचे बाहेर नेणारे स्नायू एकदम चालतात. तो मेळ टिकतो, पण वेग वाढला की सोप्या मेळाकडे घसरतो.

तबल्यावर घसरण्याची दिशा हीच: उजव्याने जे केलं ते डाव्यानेही त्याच क्षणी करावं. दहाव्या मात्रेवरचा नकोसा डग्गा तिथून येतो.

आता डोक्यावर भार टाका

मोडण्याचा आकडा १३० आला असेल तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १०४ वर मेट्रोनोम लावा. या वेगाला समांतर हालचाल सहज टिकायला हवी. आता २०-२० सेकंदांच्या तीन फेऱ्या करा.

पहिलीत हात मांडीवर ठेवून २०० पासून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणा: १९३, १८६, १७९, १७२. बरोबर उत्तरं किती आली ते सोबत्याने लिहावं. दुसरीत फक्त बोटं चालवा. बोट थबकलं, दिशा चुकली किंवा आरशाकडे घसरलं, तर प्रत्येक वेळी एक चूक. तिसरीत वजाबाकी आणि बोटं बरोबर. चुका आणि उत्तरं दोन्ही लिहा.

वाचताना एक फसगत होते. तिसऱ्या फेरीत बोटं अजिबात चुकली नाहीत म्हणून काही जण खूश होतात, पण उत्तरं नऊवरून चारवर आलेली असतात. किंमत मोजली गेलीच, फक्त ती वजाबाकीच्या खात्यातून गेली. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे.

मग तिसरी फेरी दोन वेळा पुन्हा करा. एकदा ठरवा, काही झालं तरी बोटं चुकू द्यायची नाहीत. एकदा ठरवा, उत्तरं थांबू द्यायची नाहीत. लक्ष जिकडे द्याल ते खातं सुधारेल, दुसरं खालावेल. मार्सेयमधल्या झाँ-झाक ताँप्रादो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हाच सौदा मोजला. लोकांनी हातांच्या मेळाला प्राधान्य दिलं तेव्हा मेळ स्थिर झाला आणि इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला वेळ जास्त लागला. समांतर मेळाला आरशासारख्या मेळापेक्षा जास्त लक्ष द्यावं लागतं, हेही त्यांत दिसलं.

तबलजीला यातून दोन गोष्टी उचलायच्या आहेत. लक्ष देऊन अवघड मेळ सांभाळता येतो, म्हणून नवा बोल (ठोक्यांची तोंडी अक्षरं) शिकताना मन लावणं वाया जात नाही. पण साथीत ते लक्ष गायकाला लागणार आहे, म्हणून मेळाची लक्षाची भूक आधीच कमी करून ठेवावी लागते.

दोन हातांना दोन हुकूम देऊ नका

मेळाची भूक सगळ्यात जास्त कमी होते ती दोन हातांचं काम मनात एकच वस्तू म्हणून बसल्याने. २००१ साली फ्रान्झ मेक्स्नर आणि सहकाऱ्यांनी टेबलाखाली दोन हँडल बसवली. लोकांना हात दिसत नव्हते, वर फिरणारे दोन झेंडे तेवढे दिसत. एका बाजूला दातेरी चाकं अशी बसवली होती की हात आणि झेंडा यांच्या वेगांत चार आणि तीनचं प्रमाण यावं. झेंडे सारखे फिरवायचे तर हातांना चारास तीन अशा वेगाने फिरावं लागे, एरवी जवळपास अशक्य. झेंड्यांकडे पाहून लोकांनी ते केलं. हातांचं गणित अवघडच होतं, मनासमोरचं चित्र मात्र सोपं होतं.

आपल्याकडे हे चित्र बोलात तयार आहे. ‘धा’ म्हणजे चाटीवरचा (तबल्याच्या कडेवरचा) ‘ना’ आणि डग्ग्यावरचा ‘घे’ एकदम. ‘धिं’ म्हणजे ‘तिं’ आणि ‘घे’ एकदम. ‘उजवा आता चाटीवर, डावा आता मोकळा’ असे दोन हुकूम मनात चालू असतील तर प्रत्येक मात्रेला दोनदा लक्ष खर्च होतं. ‘धा’ म्हटल्यावर दोन्ही हात आपोआप पडत असतील तर एकदाच. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, गुरू उगाच करून घेत नाहीत. ती वादनाआधीची तोंडी परीक्षा समजून उरकणाऱ्यांचे हात भाराखाली सर्वांत आधी तुटतात.

एका कायद्यावर पूर्ण काम

सरावासाठी दिल्ली बाजाचा (वादनशैलीचा) हा सगळ्यांना ठाऊक असलेला कायदा (ठरलेल्या बोलांची, विस्तार करता येणारी रचना) घ्या. ठाय (संथ) लयीत एका मात्रेला एक अक्षर ठेवलं तर त्रितालाचं एक आवर्तन भरतं:

धा धा ति ट | धा धा तिं ना
ता ता ति ट | धा धा धिं ना

आता फक्त हात पाहा. उजवा दोन्ही ओळींत तंतोतंत तेच वाजवतो: ता ता ति ट ता ता तिं ना. डावा पहिल्या ओळीत १, २, ५, ६ या मात्रांवर आहे, दुसऱ्या ओळीत १३, १४, १५ वर. भरी (डग्ग्यासह) आणि खाली (डग्ग्याशिवाय) यांतला सगळा फरक डाव्यात आहे आणि उजवा त्याला कसलीही खूण देत नाही. म्हणून लक्ष हललं की दोन ठरलेल्या चुका होतात. ९ आणि १० वरच्या ‘ता ता’मध्ये डग्गा घुसतो, कारण पहिल्या ओळीत त्याच उजव्या हाताबरोबर तो होता. आणि १५ वरच्या ‘धिं’चा डग्गा गळतो, कारण पहिल्या ओळीत त्या जागी ‘तिं’ होता. निकास (बोल वाजवण्याची पद्धत) तुमच्या गुरूंनी वेगळा दिला असेल तर तोच धरा, पण डाव्याच्या जागा अशाच लिहून काढा.

रियाजाचा क्रम असा:

पढंत. मेट्रोनोम ६०. हाताने टाळी १, ५, १३ वर आणि काल (खाली) ९ वर दाखवत आठ आवर्तनं मोठ्याने म्हणा, दोन मिनिटांपेक्षा थोडं जास्त लागेल. ‘तिं’ आणि ‘धिं’ तोंडात वेगळे, ठणठणीत यायला हवेत. तोंडात घोळलेला बोल हातात स्वच्छ येत नाही.

फक्त डग्गा, पण पढंत पूर्ण. बोल सोळाही म्हणायचे, वाजवायचा फक्त डावा. नुसता ‘घे घे’ म्हणत डावा वाजवू नका. त्याने डावा स्वतःची वेगळी आठवण बनवतो आणि जोडताना ती बोलाशी भांडते. चार आवर्तनं पुरेत.

फक्त तबला, पढंत पूर्ण. इथे गंमत अशी की हात दोन्ही ओळींत तोच आणि तोंड वेगळं. बोल हाताच्या पुढे आहे की मागे, ते इथे कळतं. चार आवर्तनं.

दोन्ही हात, पढंत मोठ्याने. लय ५० वर आणा. हात वेगवेगळे वाजवण्याला एकूण वेळेच्या पाव हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. दोन हातांमधलं अंतर सांभाळणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते एकेका हातात नसतंच, एकत्र वाजवूनच बसतं.

दोन्ही हात, पढंत मनात. लय पुन्हा ६०. इथे श्वास कोंडला जातो का पाहा. मोठ्याने म्हणताना श्वास आपसूक चालू राहतो, मनात म्हणताना धरला जातो, मग खांदे वर चढतात आणि डाव्याचं मनगट डग्ग्यावरून सुटतं. तसं झालं तर एक पायरी मागे या.

चार आवर्तनं सलग बिनचूक आली की लय ५ ने वाढवा. १०० च्या पुढे गेलात की मेट्रोनोम ५० च्या पुढून लावून दुगुनीत (दुप्पट वेगात) वाजवणं बरं. ठोके कमी झाले की कानाला मोकळीक मिळते.

भाराच्या पायऱ्या

कायदा ८० च्या लयीत पढंतीशिवाय टिकू लागला की भार चढवायला घ्या. त्याआधी नाही. मेळ बसण्याआधी भार टाकला तर हात सोप्या चुकीच्या मेळाकडे घसरतात, आणि रियाज त्या चुकीचा होतो.

पहिली पायरी: मेट्रोनोम बंद, लेहरा (आवर्तन दाखवणारी फिरती सुरावट) चालू. दुसरी: रेडिओवर बातम्या, लक्ष न देता. तिसरी: त्याच बातम्या, आणि चार आवर्तनांनंतर एक बातमी सोबत्याला सांगायची. चौथी: दर समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) वीसपासून उलटा आकडा मोठ्याने: वीस, एकोणीस, अठरा. पाचवी: सोबत्याने साधे प्रश्न विचारायचे आणि तुम्ही आवर्तन न मोडता उत्तर द्यायचं. सहावी: सोबत्याने कधीही ‘ठेका’ किंवा ‘कायदा’ म्हणायचं, तुम्ही पुढच्या समेवर बदलायचं. शेवटची आणि खरी: कोणी तरी गात आहे, आणि मुखडा कुठून उचलला जातो हे ओळखून सम द्यायची आहे.

चौथी आणि पाचवी पायरी जड का वाटतात ते लक्षात घ्या. पढंतही शब्दांची, आकडे आणि उत्तरंही शब्दांचीच. मनातली बोलांची जागा दुसरे शब्द व्यापतात. इथे बोल अक्षरशः आठवत बसला असाल तर तुटणारच. त्याचा नाद कानात बसला असेल तर शब्द निघून गेले तरी नाद उरतो. म्हणून या पायऱ्यांवर मनात बोल म्हणायचा हट्ट सोडा आणि डग्ग्याचा घुमारा ऐका.

नियम एकच ठेवा. चार आवर्तनं सलग शुद्ध, की वरची पायरी. एका आवर्तनात दोन चुका, की एक तर लय १० टक्क्यांनी उतरवा किंवा पायरी उतरा. दोन्ही एकदम नको. दोन्ही केलं तर अडचण वेगाची होती की भाराची, ते कळत नाही.

एका बैठकीत भाराचं काम २० मिनिटांपलीकडे नेऊ नये. नवे बोल बैठकीच्या सुरुवातीला, भाराच्या पायऱ्या मध्ये, शेवटी पूर्ण येत असलेलं काही तरी मोकळेपणाने.

विलंबितात भार वेगळा असतो

संथ लय म्हणजे सोपं काम, ही समजूत विलंबित एकतालाची साथ करताना गळून पडते. दोन ठोक्यांमध्ये दोनेक सेकंदांचं अंतर पडलं की पुढचा ठोका अंदाजाने गाठणं माणसाला कठीण जातं. तो ठोका ऐकून मग हात टाकू लागतो, आणि हात उशिरा पडतो. गायकाकडे लक्ष असेल तर आणखी उशीर. इलाज जुना आणि पक्का आहे: मात्रेचे चार भाग मनात चालू ठेवा आणि डग्ग्यावर हलक्या बोटांनी भरणा करा. मधल्या जागा भरल्या की हाताला गाठायचं अंतर छोटं होतं.

आडाची लय: दोनात तीन

बहुतेकांना वाटतं, इथे उजव्याने तीन मोजायचे, डाव्याने दोन, आणि कसं तरी जुळवायचं. हाच सगळ्यात महाग मार्ग. १९८०च्या दशकात स्टुअर्ट क्लॅप आणि सहकाऱ्यांनी अशा लयींवर बरेच प्रयोग केले, आणि दोन स्वतंत्र ओळी सांभाळण्यापेक्षा दोन्ही मिळून एक आकृती म्हणून धरणाऱ्यांचे ठोके जास्त नेमके पडले. आकृती अशी: सहा सारख्या जागा घ्या. उजवा १, ३, ५ वर. डावा १, ४ वर. मिळून एक बोल तयार होतो:

धा ऽ ना घे ना ऽ

मेट्रोनोम १२० वर, एका ठोक्याला एक जागा, म्हणजे एक फेरी तीन सेकंदांची. अवग्रहाच्या (ऽ) जागी तोंड मिटा, पण जागा खाऊ नका. दुसऱ्या आणि सहाव्या जागेची घाई हीच इथली मुख्य चूक. दोन मिनिटं पढंत, मग हात. जमलं की ठोका अर्धा करा, ६०, आणि एका ठोक्यात दोन जागा बसवा. शेवटी मेट्रोनोम ४० वर न्या: आता फेरीत दोनच ठोके आहेत, ते डाव्याबरोबर पडतात, आणि उजवा त्यांवर आड चालतो. फेरी अजूनही तीन सेकंदांचीच आहे.

उलटा बोल ‘धा ऽ घे ना घे ऽ’, डाव्यात तीन आणि उजव्यात दोन. उजव्या हाताच्या माणसाला हा जास्त जड जातो, कारण जलद ओळ उजव्याने चालवायची त्याची सवय असते. याला निम्मा वेग द्या आणि मन लागेल तेवढं लागू द्या.

मुद्रण ऐकताना काय शोधायचं

फोन दोन हात अंतरावर, तबला आणि डग्गा यांच्या मधोमध. मुद्रण अर्ध्या वेगाने ऐका.

‘धा’ फाटतो आहे का? ‘ना’ आणि ‘घे’ एकाऐवजी दोन आवाज असे ऐकू आले तर हात एकत्र पडत नाहीत. दोन्ही हात एकदम टाकताना सरस (जास्त सवयीचा) हात मिलिसेकंदांनी पुढे राहण्याकडे कल असतो आणि भाराखाली तो फरक कानाला कळण्याइतका वाढू शकतो. इलाज: काही आवर्तनं लक्ष मुद्दाम डाव्या हातावर ठेवा आणि उजवा त्याच्या मागे चालला आहे असं धरा. फरक चटकन कमी होतो. मात्र हा तात्पुरता उपाय आहे, साथीत सोबत न्यायचा नाही.

लय पळते आहे का? पहिलं आणि दहावं आवर्तन घड्याळावर मोजा. भाराखाली लय वाढत असेल तर मधल्या जागा मोजणं सुटलं आहे.

उजवा मोठा झाला आहे का? मन ताणलं की बोटांचा दाब वाढतो आणि चाटीचा आवाज कर्कश होतो. डग्गा त्यामागे बुजतो, आणि तो चुकला आहे की नुसता बारीक झाला आहे हे समजत नाही. अशा वेळी जोर न लावता बोट उचलण्याकडे पाहा: बोट पडल्याबरोबर उठलं की नाद मोकळा होतो.

समेच्या अलीकडेच चूक होते आहे का? मग पुढे काय वाजवायचं याचा विचार आवर्तनाच्या शेवटी येतो आणि तोच मेळ खातो. तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपवायचा तुकडा) कुठून उचलायची हा निर्णय खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेला घ्यायची सवय लावा. शेवटच्या चार मात्रा हातांसाठी मोकळ्या राहतील.

लक्ष कधी काढून घ्यायचं

शिकताना लक्ष लागतं, म्हणून पुष्कळ जण मैफलीतही हातांवर पहारा ठेवतात. ते नुकसानीचं आहे. २००२ साली फुटबॉलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात अनुभवी खेळाडू सरस पायाने चेंडू नेत होते. पायाच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं तेव्हा त्यांची गती बिघडली, दुसऱ्याच कामात लक्ष गुंतवलं तेव्हा टिकली. नवख्यांचं उलट झालं. मुरलेल्या हालचालीचे तुकडे करून तपासत बसलं की ती पुन्हा नवख्याची होते. जो बोल भाराच्या पाचव्या पायरीवर टिकतो, त्याच्याकडे साथीत पाहू नका. ऐकायचंच असेल तर नाद ऐका, मनगट नको.

लहान मुलं आणि उशिरा सुरुवात करणारे

लहान मुलात एक हात हलला की दुसरा आपोआप थोडा हलतो. साधारण दहाव्या वर्षापर्यंत हे ओसरत जातं. सात वर्षांच्या मुलाचा डावा उजव्याच्या मागे गेला म्हणून रागावू नये. त्याला केरवा, दादरा आणि भरपूर पढंत द्यावी, आणि भाराच्या पायऱ्या दुसरीपर्यंतच. वर्गात समोर बसून शिकवत असाल तर त्याच्याकडे तोंड करून हात दाखवू नका. तुमचा उजवा त्याच्या डाव्यासमोर येतो आणि त्याला मनात उलटवावं लागतं, हा भार फुकटचा. शेजारी बसा.

साठीनंतर सुरुवात करणाऱ्यांना अवघड मेळासाठी तरुणांपेक्षा जास्त लक्ष लागतं, पण सरावाने मेळ त्यांचाही बसतो. त्यांनी लय ५ ऐवजी ३ ने वाढवावी आणि पायरी बदलायला चारऐवजी आठ शुद्ध आवर्तनं धरावीत. मात्र रोजचा बसलेला ठेका एकाएकी एका हातात येईनासा झाला, हातात बळ राहिलं नाही किंवा बोलणं अडखळलं, तर तो रियाजाचा प्रश्न नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.

मैफलीच्या दिवशी

नवीन काही वाजवू नका. बसण्याआधी दहा मिनिटं ठेका पढंतीसह ६० मध्ये, मग गायकाच्या अपेक्षित लयीत. मंचावर मेळ सुटलाच तर चालू कायदा किंवा तिहाई लगेच सोडा आणि ठेक्यावर या. एक आवर्तन डग्गा फक्त १, ५ आणि १४ वर ठेवा, बाकी नुसती चाटी. चौदावी सापडली की सम सापडते, आणि पुढच्या आवर्तनापासून डावा पुन्हा भरता येतो.